इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक घरच्या घरी कसे सांभाळावेत

गेल्या वर्षी गणपतीला गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवून आम्ही रेल्वेने कोकणात गेलो. बारा दिवसांनी परतल्यावर गाडी हलवली तर आधी ‘खट्’ आवाज आला, आणि मग गेटपर्यंत चाकातून खरखर. वाकून पाहिलं तर डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी चकतीवर, तांबूस गंजाचा थर.

इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरच वीज बनवू लागते आणि गाडीचा वेग उतरतो. याला सगळे ‘रीजन’ म्हणतात. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे पॅड त्यामुळे भरपूर टिकतात, पण पेट्रोल गाडीची डिस्क रोजच्या घासण्याने जशी साफ होते तशी इथे होत नाही. वर मुंबईची दमट, खारी हवा!

पहिलं काम बिनखर्चाचं. आठवड्यातून एकदा, रस्ता रिकामा असताना, रीजन सगळ्यात कमी करून ताशी 40-50 च्या वेगावरून पाच-सहा वेळा ब्रेक दाबा. बॅटरी 100 टक्के भरलेली असेल तर आणखी चांगलं, कारण भरलेल्या बॅटरीत वीज परत घ्यायला जागा नसते आणि सगळं काम पॅडवर येतं.

नेमकी हीच गोष्ट घाटात उलटते. लोणावळ्यात फुल चार्ज करून बोरघाट उतरायला लागलात तर सुरुवातीला रीजन जवळपास मिळतच नाही. पॅड तापतात आणि पेडलचा दाब चाकापर्यंत नेणाऱ्या ब्रेक ऑइलची परीक्षा होते.

हे नावालाच ऑइल. खरं तेल त्यात पडलं तर रबरी सील फुगून सगळं कामातून जातं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 प्रकारचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं; पाणी पावणेचार टक्क्यांच्या आसपास गेलं की ही किमान मर्यादा 155 वर येते. उकळून वाफ झाली की पेडल स्पंजासारखं आत जातं. म्हणून गाडी फिरो न फिरो, पुस्तिकेत वेगळं लिहिलं नसेल तर दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्या.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी बाहेरूनच पाहा. मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवी. झाकण उगाच उघडू नका. पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, पण आपल्या गाडीत पॅड फारसे झिजतच नाहीत. तेव्हा पातळी भराभर उतरत असेल तर वरून ऑइल ओतत बसू नका, गळती शोधायला गॅरेज गाठा.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, चाक काढा. जमीन सपाट हवी, बाकीच्या चाकांना विटा लावा, आणि नट जॅक चढवण्याआधीच सैल करा. जॅक फक्त पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावायचा. खाली बॅटरी आहे, चुकीच्या जागी लावला तर तिचं आवरण दबतं. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली स्टँड द्या. नारिंगी केबलला हात नको, त्यात जास्त दाबाची वीज असते.

पॅडचा मसाला 3 मिलिमीटरच्या खाली आला असेल तर बदलायची वेळ झाली. आतल्या बाजूचा पॅडही टॉर्च मारून बघा, बाहेरचा धड दिसतो आणि आतला संपलेला असतो. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारी पकड, हाताने थोडा सरकवून पाहा. हलत नसेल तर तो ज्यांवर सरकतो त्या पिन जाम आहेत. आमच्याकडे हाच आजार जास्त. पिन काढून पुसा, ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकाएवढं लावा. साधं ग्रीस रबर खातं. बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कलाच, म्हणजे तिथे दिलेल्या जोरानेच, घट्ट करा, आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा.

इलेक्ट्रिक हँडब्रेकचा मागचा कॅलिपर आणि ऑइलमधली हवा काढणं, ही दोन कामं घरी करू नका. अनेक गाड्यांत त्यासाठी गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो.

पावसातून घरी येताना शेवटच्या वळणापासून ब्रेक हलका दाबत या, डिस्क सुकते. आणि टाकीत टाकून उरलेली ऑइलची उघडी बाटली पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवू नका. दमट हवेत ती बाटलीतच पाणी पीत बसते.