वळणावर पाइपची तुटक रेषा सलग दिसत होती

पणजीच्या मळा भागातल्या अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्यांतली मलनिस्सारण वाहिनी ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढत होतो. लाइनटाइप (रेषेचा नमुना) तुटक, मधे ‘एस’ अक्षर असलेला. सरळ रस्त्यावर झकास. वळण आलं की अक्षर गायब आणि रेषा सलग! शेजारून पाण्याची लाइन जात असेल तर हे चालणारच नाही. नकाशा बघूनच तर खोदाई होते.

एलटीस्केल (नमुन्याचं माप) कमी केला, तर सरळ भागातली अक्षरं वाचेनात. कारण वेगळंच निघालं. वळणावर सर्व्हेचे बिंदू जवळजवळ असतात, आणि पॉलिलाइन (बिंदू जोडून काढलेली एकसंध रेषा) प्रत्येक बिंदूपाशी नमुना नव्याने सुरू करते. छोट्या तुकड्यात तो मावत नाही, म्हणून सलग रेघ.

उपाय: पीलाइनजेन ही सेटिंग १ करा, म्हणजे नमुना बिंदूंपाशी न तुटता पुढे चालतो. पण हे फक्त नव्या रेषांना लागू होतं. जुन्या निवडून प्रॉपर्टीजमध्ये ‘लाइनटाइप जनरेशन’ एनेबल्ड करा, किंवा पीएडिट या कमांडमधून ‘एलटाइप जेन’ ऑन.

थ्रीडी पॉलिलाइनला (जिच्या बिंदूंना उंचीही असते) मात्र हा इलाज नाही. ती सलगच दिसते. इन्व्हर्ट लेव्हलसाठी (पाइपच्या आतल्या तळाची पातळी) ती वेगळ्या लेयरवर ठेवली आणि छापायला साधी पॉलिलाइन वापरली.