जुन्या पीसीला यूएसबी ३.० कार्ड टाकताय? या चुका टाळा

नौपाड्यातलं सीएचं ऑफिस घ्या, कोपरखैरण्यातला लग्नाचे फोटो काढणारा घ्या नाहीतर वागळे इस्टेटमधलं छोटं वर्कशॉप, इंटेलच्या एच६१ किंवा त्याच्याही आधीच्या जी४१ चिपसेटच्या मदरबोर्डाचे पीसी अजून निवांत चालू आहेत. एसएसडी टाकली की टॅली, जीएसटी, थोडंफार फोटोशॉप सगळं भागतं, अडतं ते फक्त यूएसबीला, कारण मागचे पुढचे सगळे पोर्ट २.० आणि ६४ जीबीचं मेमरी कार्ड रिकामं करायचं म्हणजे अर्धा तास गेलाच. मग कोणीतरी सांगतं की पीसीआय एक्सप्रेसचं, म्हणजे बोर्डावरच्या स्लॉटात बसणारं, यूएसबी ३.० कार्ड टाक, स्वस्तात काम होतं. सल्ला एकदम बरोबर आहे. पण कार्ड बसवल्यावर दोन दिवसांत जे "दादा, कार्ड डिफेक्टिव्ह निघालं, स्पीड तेवढाच आहे" असे फोन येतात ना, त्यात खरंच खराब निघालेलं कार्ड मी क्वचित बघितलंय. बहुतेक वेळा लोचा करंटचा असतो, नाहीतर केबलचा, स्लॉटचा, ड्रायव्हरचा.

गाडी पकडून लॅमिंग्टन रोडचं मार्केट गाठायच्या आधी कॅबिनेट उघडा

पहिली चूक घरातच होते. बोर्डावर कुठला स्लॉट रिकामा आहे हे न बघता कार्ड आणायचं. जी४१ च्या बोर्डांवर खाली बहुतेक वेळा दोन लांब पांढरे स्लॉट दिसतात, ते साध्या पीसीआयचे, त्यात हे कार्ड जात नाही, आणि ढकलून बसवायचा प्रयत्न करू नका. आपल्याला हवा तो छोटासा एक्स-वन स्लॉट, साधारण अडीच सेंटीमीटरचा. तो ग्राफिक्स कार्डाच्या जाड पंख्याखाली झाकला गेला असेल तर वेगळाच प्रश्न. ग्राफिक्स कार्ड नसेल तर मोठ्या एक्स-सिक्स्टीन स्लॉटमध्येही हे छोटं कार्ड चालतं, फक्त काही जुने बोर्ड त्या स्लॉटात काहीही दिसलं की ऑनबोर्ड डिस्प्ले बंद करून टाकतात, स्क्रीन काळी आली तर घाबरू नका, कार्ड काढा, बायोसमध्ये (पीसी चालू होताना डिलीट दाबून उघडतात ती सेटिंग) जाऊन ऑनबोर्ड ग्राफिक्स पहिलं करा आणि परत लावून बघा.

महापे, ऐरोलीच्या कंपन्यांमधून निघालेले सेकंडहँड स्लिम पीसी घेतले असतील तर त्यात आणखी एक गोम. कार्ड कॅबिनेटला स्क्रूने अडकवायची धातूची पट्टी त्यांना अर्ध्या उंचीची लागते. काही कार्डांच्या खोक्यात दोन्ही पट्ट्या येतात, काहींच्यात नाही, दुकानातच खोकं उघडून बघा. पट्टीशिवाय नुसतं कार्ड खोचून ठेवलेलं मी पाहिलंय, पेनड्राइव्ह घालता काढताना ते हलतं, स्लॉटमधून तिरकं होतं आणि मग "कधी चालतं कधी नाही" सुरू. स्क्रू लावाच.

आणि हो, इंटेलच्या चिपसेटमध्ये ३.० मुळातूनच आलं ते २०१२ च्या ७ सिरीजपासून, पण काही एच६१ बोर्डांवर कंपनीने वेगळी चिप टाकून मागे दोन निळे पोर्ट दिलेले असतात आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. सीपीयू भिंतीला टेकवून ठेवलेला, मागे कोण बघणार. एकदा टॉर्च मारून बघा.

आकड्यांना भुलू नका

यूएसबी २.० म्हणजे ४८० मेगाबिट, कागदावर ६० एमबी सेकंदाला, हातात येतात ३० ते ३५. यूएसबी ३.० म्हणजे ५ गिगाबिट, त्यातला पाचवा हिस्सा एन्कोडिंगमध्ये (डेटा पाठवायच्या कोडमध्ये) जातो, उरतात ५०० एमबी आणि हातात त्याहून कमी. आता याच गोष्टीला आधी ३.० म्हणायचे, मग ३.१ जेन १ केलं, मग ३.२ जेन १. तीन नावं, स्पीड तोच. त्यामुळे काउंटरवरचा पोरगा "हे ३.२ आहे सर, लेटेस्ट" म्हणून दोनशे जास्त मागत असेल तर खोक्यावर ५ गिगाबिट लिहिलंय की १० तेवढं वाचा.

आणि १० वालं तुम्हाला नकोच आहे. कारण जी४१ बरोबरच्या साउथब्रिजवरचा, म्हणजे बोर्डावरच्या दुसऱ्या चिपचा, एक्स-वन स्लॉट पहिल्या पिढीचा, एका लेनला (डेटाच्या एका वाटेला) २५० एमबी. एच६१ वर दुसऱ्या पिढीचा, ५०० एमबी. कार्डावर चार पोर्ट असले तरी चौघं मिळून याच एका लेनवरून जाणार. म्हणजे जी४१ वाल्याने महागडं कार्ड घेणं म्हणजे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये स्पोर्ट्स कार काढणं. पण साधी पोर्टेबल हार्डडिस्क असेल तर ती स्वतःच १०० ते १३० एमबीच्या वर जात नाही, तिला २५० ची लेन भरपूर झाली, तेव्हा जुना बोर्ड आहे म्हणून कार्ड टाकूच नये असंही नाही. ३५ वरून १२० म्हणजे अर्ध्या तासाचं काम नऊ-दहा मिनिटांवर.

स्पीड मोजताना पण लोक गडबड करतात. हजार छोट्या फोटोंचा फोल्डर कॉपी करतात आणि म्हणतात स्पीड नाही. एकच मोठी फाइल घ्या, चार-पाच जीबीचा व्हिडिओ वगैरे, आणि ती पोर्टेबल डिस्कवरून आतल्या एसएसडीवर आणा. आत अजून जुनी हार्डडिस्क असेल तर अडथळा तीच. आणि फुकटात मिळालेला निळ्या तोंडाचा पेनड्राइव्ह लिहिताना १०-१५ एमबीच देत असेल तर त्याला जगातलं कुठलंही कार्ड वाचवू शकत नाही.

करंट, करंट आणि करंट

सगळ्यात जास्त तक्रारी इथून येतात म्हणून जरा नीट सांगतो. लक्षण ओळखायला सोपं, माउस चालतो, पेनड्राइव्ह चालतो, पण पोर्टेबल हार्डडिस्क लावली की टक टक आवाज येतो, किंवा कॉपी अर्ध्यावर आली की डिस्क गायब, परत येते, परत गायब.

यूएसबी ३.० च्या एका पोर्टने ९०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, २.० ला ५०० होते. चार पोर्ट म्हणजे ३.६ अँपिअर, ५ व्होल्टवर १८ वॅट झाले. आता गंमत अशी की पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमध्ये ५ व्होल्ट येतच नाहीत, येतात १२ आणि ३.३. साध्या एक्स-वन स्लॉटला १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर एवढंच ठरवून दिलेलं, म्हणजे ६ वॅट. त्यातून कार्ड स्वतः ५ व्होल्ट बनवणार, म्हणजे एक पोर्ट धड चालेल, दुसऱ्यावर डिस्क लावली की रडारड. म्हणून कार्डाच्या मागच्या बाजूला पॉवरचा सॉकेट असतो, कुणाला साटाचा (आतल्या हार्डडिस्कला लागतो तो चपटा), कुणाला जुना चार पिनचा मोलेक्स. तो लावायला विसरणं ही नंबर एकची चूक आहे, आणि काही कार्डं अशी आहेत की पॉवर लावली नाही तरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकदम व्यवस्थित दिसतात, पोर्टवर मात्र करंट शून्य. मग माणूस दिवसभर ड्रायव्हर टाकत बसतो. सॉकेटच नसलेलं स्वस्त कार्ड माउस-कीबोर्डसाठी घ्या, डिस्कसाठी नको.

पॉवरची वायर कमी पडली की लोक मोलेक्समधून साटा काढायचं कन्व्हर्टर लावतात. ते लावताना एक बघा, ज्याचं साटाचं टोक एका सलग प्लॅस्टिकमध्ये ओतून बनवलंय ते घेऊ नका. आतल्या वायरी जवळ जवळ असतात, शॉर्ट होऊन वितळल्याच्या, पेटल्याच्या घटना जगभर झाल्यात. ज्यात वायरी मागून वेगवेगळ्या दाबून बसवलेल्या दिसतात ते टोक बरं.

एवढं करूनही डिस्क पडत असेल तर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय. दहा वर्षं चाललेला लोकल एसएमपीएस, स्टिकरवर वॅट काहीही लिहिलेले असोत, ५ व्होल्टची लाइन दाबली जाते. मल्टिमीटर असेल तर डिस्क चालू असताना मोलेक्सच्या लाल आणि काळ्या वायरमध्ये मोजा, ४.७५ च्या खाली जात असेल तर कार्डाला शिव्या देणं बंद करा आणि एसएमपीएस बदला.

केबल, आणि हळू घालायची सवय

पोर्टेबल डिस्कवर जो रुंद, दोन कप्प्यांचा सॉकेट असतो ना, त्याच्या मोठ्या अर्ध्या भागात जुन्या मोबाइलची मायक्रो केबल बरोब्बर बसते. डिस्क चालते पण २.० वर. ओरिजिनल केबल हरवलेल्या घरात हे हमखास. टाइप-सी असेल तर मोबाइल चार्जरबरोबर आलेली केबल बहुतेक वेळा २.० चीच असते, दिसायला काही फरक नाही.

दुसरं म्हणजे पिन घाबरत घाबरत हळू घातली तर आधी बाहेरचे २.० वाले चार कॉन्टॅक्ट लागतात, पीसी तिला २.० म्हणून ओळखून मोकळा होतो, आतले पाच नंतर लागले तरी उपयोग नाही. काढा, एका झटक्यात घाला. आधी हे करून बघा, नंतर बाकीचं. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये lsusb -t चालवलं की प्रत्येक डिव्हाइससमोर ४८०एम की ५०००एम ते दिसतं, वाद मिटला.

खाडीलगतच्या इमारतीत, वाशी, ऐरोली, कोपरी वगैरे, वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या स्लॉटात धूळ आणि दमट हवा दोन्ही बसलेलं असतं. आधी मऊ ब्रशने स्लॉट झाडा, कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळपट दिसल्या तर रॅमला करतो तसं खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि चुरा नीट पुसा. हे सगळं वायर भिंतीतून काढून, नुसतं शटडाउन करून नाही.

ड्रायव्हर

विंडोज ८ पासून पुढे ३.० चा ड्रायव्हर आतच आहे, सीडी शोधत बसू नका. विंडोज ७ मध्ये तो नाही, आणि जुन्या प्लॉटरसाठी किंवा एखाद्या सॉफ्टवेअरसाठी ७ ठेवलेल्या झेरॉक्सच्या दुकानात हाच घोळ होतो. तिथे चिपप्रमाणेच ड्रायव्हर लागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. व्हेन (VEN) नंतर १९१२ असेल तर रेनेसास, १०३३ असेल तर एनईसी, ११०६ व्हीआयए, १बी२१ एएसमीडिया. त्या नावाने ड्रायव्हर शोधा. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" वाली सॉफ्टवेअरं टाकली की ड्रायव्हर येवो न येवो, जाहिराती नक्की येतात.

विंडोज १० वर डिस्क थोडा वेळ पडून राहिली की गायब होत असेल, कॉपी चालू असताना मात्र नीट, तर ते करंटचं नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

बारीकसारीक पण छळणारं

पुढच्या पॅनलसाठी नऊ पिनचं वीस पिनमध्ये करणारं कन्व्हर्टर मिळतं, ते बोर्डाच्या जुन्या हेडरला (पुढच्या पोर्टची वायर जिथे बसते त्या पिनांना) लावून निळा पोर्ट ३.० होत नाही, फक्त जिवंत होतो. पुढे खरा स्पीड हवा असेल तर वीस पिनचा हेडर असलेलंच कार्ड घ्या. २.० च्या पोर्टात ३.० चा हब लावणाऱ्यांचंही तसंच.

वायरलेस माउस अचानक अडखळायला लागला तर सेल बदलू नका, डोंगल कुठे आहे बघा. ३.० चा ट्रॅफिक चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय. डोंगल पुढच्या जुन्या पोर्टात हलवा, बस.

कीबोर्ड आणि बूटेबल पेनड्राइव्ह मात्र कार्डावर लावू नका. जुन्या बायोसला या कार्डावरचं काही दिसत नाही, विंडोज सुरू झाल्यावरच ते जागं होतं, त्यामुळे फॉरमॅट मारायला बसलात की पेनड्राइव्ह लिस्टमध्ये येणार नाही आणि डिलीट दाबून बायोसही उघडणार नाही. त्या दोघांना जुन्याच पोर्टात राहू द्या.

लॅपटॉपवाल्यांसाठी एवढंच, बाजूला एक्सप्रेसकार्डचा खाचा असेल तर त्याचं ३.० कार्ड मिळतं, पण तिथे करंट तुटपुंजा, वेगळा अडॅप्टर असलेली डिस्क किंवा हब लागेल. खाचा नसेल तर २.० वरच राहा आणि ते पैसे एसएसडीत घाला.