छतावरच्या सौरऊर्जेचं अनुदान आणि कर्ज: इंदूरच्या घरमालकांसाठी कामाचा क्रम

पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावर सौरसंच बसवला की केंद्र सरकार थेट बँकखात्यात अनुदान जमा करतं. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,०००. म्हणजे १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ ला ७८,०००. त्यापुढे संच कितीही मोठा केला तरी रक्कम ७८,००० च्या वर जात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेचं लक्ष्य एक कोटी घरांचं आहे, तरतूद ७५,०२१ कोटींची आहे आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे.

हे पैसे संच बसून, नेट मीटर (कंपनीकडून घेतलेली आणि कंपनीला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) लागून, वीज कंपनीची तपासणी पार पडल्यावर, सगळ्यात शेवटी येतात. तोपर्यंतचा पूर्ण खर्च तुम्हाला स्वतः किंवा कर्जातून उभा करावा लागतो. ‘अनुदान वजा करून उरलेलेच द्या’ असं कुणी एजंट म्हणत असेल, तर वजा केलेली रक्कम पुढे कोण कुणाकडून घेणार हे लेखी घ्या. अनुदान ग्राहकाच्याच खात्यात येतं, विक्रेत्याच्या नाही.

आधी बिल बघा

मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि युनिटांची बेरीज करा. इंदूरमध्ये १ किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो, म्हणजे महिन्याला साधारण १२०. एप्रिल-मेमध्ये जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कमी. वर्षाची ३,००० युनिटं असतील तर महिन्याची सरासरी २५०, आणि तेवढ्याला २ किलोवॅट पुरतात. नुसत्या मे महिन्याच्या बिलावरून आकार ठरवू नका. एसीच्या दिवसांतलं बिल बघून घेतलेला संच उरलेलं वर्षभर वीज ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, देत राहतो. जास्तीची युनिटं पुढच्या बिलात वळती होतात खरी, पण वर्षअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर तुम्ही विजेला मोजता त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.

मध्य प्रदेशात आणखी एक हिशोब आहे. महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला तर अटल गृहज्योती योजनेत पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात. दोघंच राहत असलेल्या घरात बिल असंच चाललं असेल, तर सौरसंचाची गुंतवणूक वसूल व्हायला फार वर्षं लागतील. अशा घरांनी घाई करू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

सूर्यघरचं अनुदान फक्त घरगुती कनेक्शनला आहे. खाली दुकान आणि वर घर असेल, तर दुकानाच्या मीटरवर अनुदान नाही. अर्ज घराच्या मीटरवरच करायचा. छताचा हक्क तुमचा असावा लागतो, आणि आधी दुसऱ्या योजनेतून सौरपॅनलचं अनुदान घेतलेलं नसावं.

नाव जुळवा, मगच अर्ज

रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर या जुन्या भागांत मीटर अजून आजोबांच्या नावावर असलेली घरं पुष्कळ आहेत. अर्जदार, वीजबिल आणि बँकखातं ही तिन्ही नावं एक असली पाहिजेत. आजोबा हयात नसतील तर अर्जाआधी मीटरचं नाव बदलून घ्या: मृत्यूचा दाखला, संपत्तीकराची ताजी पावती किंवा मालकीचा दस्तऐवज, आणि बाकी वारसांचं संमतिपत्र घेऊन आपल्या झोनच्या वीज कार्यालयात जायचं. संमतिपत्रावर पुण्या-मुंबईतल्या काका-आत्यांच्या सह्या लागणार असतील तर ते काम सगळ्यात आधी सुरू करा, कारण वेळ तिथेच जातो.

आपल्या मराठी घरांत आणखी एक घोळ होतो. आधारवर स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तिपदी नाव असतं. वीजबिलावर मधलं नाव गाळलेलं असतं. आणि बँकेत लग्नाआधीचं आडनाव राहिलेलं असतं. शिवाय कुलकर्णी-कुळकर्णी, देशपांडेचं इंग्रजी स्पेलिंग वगैरे आहेच. आधारवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीची दोन त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. नंतर अनुदान अडकलं की तीच दुरुस्ती करावी लागते, आणि तेव्हा कर्जाचा हप्ताही सुरू झालेला असतो.

खात्याचा आयएफएससी कोड जुन्या चेकबुकवरून उतरवू नका. देना, विजया, कॉर्पोरेशन, आंध्रा, अलाहाबाद, सिंडिकेट, ओरिएंटल या बँका दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या आणि त्यांच्या शाखांचे कोड बदलले. रद्द केलेला चेक अपलोड करायचा तो नव्या चेकबुकातला.

छत आणि सावली

एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा धरा. पॅनलची तोंडं दक्षिणेकडे, कल २० ते २२ अंशांचा. सावलीचा हिशोब डिसेंबरचा करायचा, मेचा नाही. २१-२२ डिसेंबरला इंदूरमध्ये दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फक्त ४४ अंश वर असतो, त्यामुळे वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी उत्तरेला पडते. सकाळी नऊ-दहाला ती आणखी लांब असते. पाण्याची टाकी चबुतऱ्यासकट सहा फूट असेल तर तिच्या उत्तरेला दहा-बारा फुटांच्या आत पॅनल नको. सोपा उपाय म्हणजे पॅनल टाकीच्या दक्षिणेला लावणं. राजवाड्याच्या आजूबाजूच्या दाट वस्तीत शेजारच्या तीन मजली भिंतीला उपायच नसतो. तिथे मोबाइलवर सूर्यमार्ग दाखवणारं ॲप उघडून सकाळी नऊ आणि दुपारी तीनच्या जागा बघून घ्या.

सावली एका पॅनलवर पडली तरी त्याच ओळीत जोडलेल्या बाकीच्यांचं उत्पादनही खाली येतं, कारण सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो. जिथे सावली टळत नाही तिथे प्रत्येक पॅनलला वेगळा मायक्रोइन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारा छोटा इन्व्हर्टर) लावता येतो. तो महाग पडतो, पण अशा छतावर तोच कामाचा.

कोटेशन वाचताना

अनुदानासाठी पॅनल डीसीआर प्रकारचेच लागतात, म्हणजे पॅनल आणि त्याच्या आतले सेल दोन्ही भारतात बनलेले. ‘मेड इन इंडिया’ एवढंच लिहिलेलं पुरत नाही; आयात सेल वापरून इथे जुळवलेले पॅनल स्वस्त मिळतात आणि त्यांना अनुदान नाही. कोटेशनवर ‘डीसीआर’ हा शब्द, कंपनी, मॉडेल आणि वॅट लिहून घ्या. माल आला की छतावर चढवण्याआधी प्रत्येक पॅनलच्या मागच्या सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढा. एकदा पॅनल स्ट्रक्चरवर बसले की तो नंबर वाचायला खाली आडवं व्हावं लागतं, आणि पोर्टलवर भरलेले नंबर छतावरच्या नंबरांशी जुळले नाहीत तर तपासणी तिथेच थांबते.

क्षमता मोजताना पॅनलची बेरीज आणि इन्व्हर्टर यांपैकी जे कमी ते धरतात. ५४० वॅटचे सहा पॅनल म्हणजे ३.२४ किलोवॅट, इन्व्हर्टर ३ चा, तर अनुदान ३ किलोवॅटचं, ७८,०००. पण त्याच इन्व्हर्टरवर पाचच पॅनल लावले तर क्षमता २.७ होते आणि अनुदान ७२,६०० वर येतं. ‘तीन किलोवॅटचा सेट’ या शब्दांवर न जाता पॅनल मोजा.

जीएसटीही तपासा. सौरसंचाच्या कंत्राटात ७० टक्के किंमत वस्तूंची आणि ३० टक्के सेवेची धरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला, सेवेवरचा १८ टक्के राहिला. म्हणजे एकूण भार १३.८ वरून ८.९ टक्क्यांवर आला. जुन्या छापील कोटेशनमध्ये १३.८ दिसलं तर बदलून घ्या.

याशिवाय कोटेशनमध्ये या गोष्टी स्पष्ट हव्यात: हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्ताचा लेप दिलेलं) स्ट्रक्चर, ४ चौरस मिमीची सोलर डीसी केबल, आणि तीन वेगवेगळे अर्थिंग (डीसी बाजू, एसी बाजू, आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा लाइटनिंग अरेस्टर). अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत असायला हवा. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते तेव्हा हा रोध वाढतो, म्हणून खड्ड्यात पाणी घालायची नळी ठेवायला सांगा. स्लॅबला भोकं पाडणार असतील तर केमिकल अँकर (रसायनाने भोकात घट्ट बसवलेले बोल्ट) आणि वरून वॉटरप्रूफिंग कोण करणार तेही लिहून घ्या. पहिल्या पावसाळ्यात गळती लागली की भांडण तिथेच होतं. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याच्या जबाबदारीत येते, तिचे वेगळे पैसे लावू देऊ नका.

घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: बॅटरी नसलेला ऑनग्रिड संच वीज गेली की बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो.

कर्ज

३ किलोवॅटपर्यंतच्या संचाला सरकारी बँका तारण न घेता २ लाखांपर्यंत कर्ज देतात. व्याजदर रेपो दराच्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याच्या) अर्धा टक्का वर बांधलेला आहे. योजना आली तेव्हा तो ७ टक्के होता, पुढे रेपोबरोबर उतरला. कर्जाचा अर्ज जनसमर्थ या सरकारी कर्ज-पोर्टलवरून जातो आणि त्यात सूर्यघरचा अर्ज क्रमांक लागतो, म्हणून आधी सूर्यघरवर अर्ज आणि मग कर्ज. साधारण १० टक्के स्वतःचे घालावे लागतात आणि कर्जाची रक्कम बहुधा थेट विक्रेत्याला जाते.

उदाहरण घ्या. संच १,८०,००० चा, स्वतःचे १८,०००, कर्ज १,६२,०००, दहा वर्षं, दर ६ टक्के. हप्ता साधारण १,८०० रुपये. अनुदानाचे ७८,००० आले की ते मुद्दलात भरा. उरलेल्या ८४,००० वर हप्ता कमी करून घेतला तर तो ९३५ च्या आसपास येतो. हप्ता १,८०० च ठेवला तर कर्ज साडेचार वर्षांत फिटतं. आमचा सल्ला दुसऱ्या पर्यायाचा. पण बँकेला लेखी सांगा की रक्कम मुद्दलात जमा करा. नाहीतर ती बचतखात्यात पडून राहते आणि घरखर्चात जाते.

अर्ज ते अनुदान

पोर्टल एकच: पीएमसूर्यघर डॉट जीओव्ही डॉट इन. नोंदणी फुकट आहे. राज्य मध्य प्रदेश, वितरण कंपनी पश्चिम क्षेत्र, आणि बिलावरचा आयव्हीआरएस क्रमांक (ग्राहक क्रमांक) घातला की मोबाइलवर ओटीपी येतो. मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, विक्रेत्याचा नको. पुढचे सगळे ओटीपी आणि संदेश त्यावर येतात.

१० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वेगळी तांत्रिक पाहणी लागत नाही, मंजुरी धरलेलीच असते. मग पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीतून विक्रेता निवडायचा आणि करार करायचा. यादीत नसलेल्याकडून काम झालं तर अनुदान नाही. काम संपलं की तपशील आणि संचासोबतचा तुमचा जिओटॅग (जागेचं स्थान नोंदलेला) फोटो चढवला जातो, नेट मीटर लागतो, वीज कंपनी तपासणी करून अहवाल टाकते. त्यानंतर बँकेचा तपशील आणि रद्द चेक भरायचा. सरकारची उद्दिष्ट मुदत त्यापुढे ३० दिवसांची. पुष्कळजण अहवाल आला म्हणजे झालं असं समजून हा शेवटचा टप्पा भरतच नाहीत आणि महिनोन्महिने वाट बघतात. स्थिती पोर्टलवर दिसते. अडकलं असेल तर १५५५५ वर अर्ज क्रमांक सांगून तक्रार नोंदवा.

मल्टीत राहणाऱ्यांसाठी

मल्टीची, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीची, गच्ची सगळ्यांची असते, त्यामुळे एकट्याने पॅनल लावणं अवघड. पण लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे ज्या मीटरवर आहेत त्यासाठी रहिवासी संघाला किलोवॅटमागे १८,००० मिळतात, घरामागे ३ किलोवॅट धरून जास्तीत जास्त ५०० किलोवॅटपर्यंत. सर्वसाधारण सभेचा ठराव, संघाच्या नावाचं बँकखातं आणि संघाच्याच नावाचं सामाईक मीटर ही तयारी हवी. मीटर अजून बिल्डरच्या नावावर असेल तर वर सांगितलेलं नामांतराचं काम इथेही पहिलं.

वापर सुरू झाल्यावर

पॅनल पंधरा दिवसांनी धुवा, उन्हाळ्यात आठवड्याने. पाणी नर्मदेच्या नळाचं वापरा; बोअरिंगचं जड पाणी काचेवर पांढरे डाग सोडतं आणि ते नंतर घासूनही निघत नाहीत. सकाळी सूर्य वर येण्याआधी धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. पहिली दोन-तीन बिलं आली की आयात (घेतलेली वीज) आणि निर्यात (ग्रीडला दिलेली वीज) हे दोन्ही आकडे मीटरवरच्या आकड्यांशी ताडून बघा. निर्यात शून्य दिसत असेल आणि इन्व्हर्टरचं ॲप मात्र उत्पादन दाखवत असेल, तर मीटर बहुधा नेट मीटर म्हणून प्रणालीत चढलेला नाही. त्याच महिन्यात झोन कार्यालयात अर्ज द्या आणि पावती घ्या, कारण जुन्या महिन्यांची युनिटं मागून वळती करून घेणं कठीण जातं.