दीडचे दोन करू नका

ज्वलन विश्लेषणाच्या, म्हणजे पदार्थ जाळून मिळालेल्या कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यावरून त्याचं सूत्र काढण्याच्या गणितात मुलं ऑक्सिजनपाशी अडकतात. आपल्या नाशिकच्या द्राक्षांना आंबटपणा देणारं टार्टारिक आम्लच घ्या. १.५० ग्रॅम जाळलं, तर १.७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.५४ ग्रॅम पाणी मिळतं.

कार्बन डायऑक्साइडच्या ४४ भागांत कार्बन १२, म्हणून १.७६ ला १२/४४ ने गुणा: कार्बन ०.४८ ग्रॅम. पाण्याच्या १८ भागांत हायड्रोजन २, म्हणून ०.५४ ला २/१८ ने गुणा: हायड्रोजन ०.०६ ग्रॅम. ऑक्सिजन मात्र या वायूंतून काढायचा नाही, कारण त्यात जाळायला दिलेला ऑक्सिजनही मिसळलेला असतो. तो वजाबाकीनेच मिळतो: १.५० − ०.५४ (म्हणजे ०.४८ + ०.०६) = ०.९६ ग्रॅम.

आता कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनच्या वजनांना त्यांच्या अणुवस्तुमानांनी, म्हणजे १२, १ आणि १६ ने भागा. मोल (अणूंच्या संख्येचं माप) येतात ०.०४, ०.०६, ०.०६. सगळ्यांत लहान आकड्याने भागलं की १ : १.५ : १.५. इथेच घात होतो! दीडचे दोन केले की उत्तर गेलंच. सगळ्यांना दोनाने गुणा, २ : ३ : ३. या सूत्राचं वस्तुमान ७५, आम्लाचं रेणुवस्तुमान १५०, म्हणजे दुप्पट. रेणूत कार्बन ४, हायड्रोजन ६, ऑक्सिजन ६.

आणि हो, शेवटच्या भागाकारापर्यंत दशांश तोडू नका.