वैद्यकीय विद्यार्थ्यांनो, ईएनटीच्या पोस्टिंगमध्ये या चुका टाळा: रुग्ण बोट दाखवतो तिथेच थांबू नका

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या पालिका रुग्णालयांत कान-नाक-घसा ओपीडीची रांग लांबते. कान खाजतो, दडे बसलेत, थोडं दुखतं. विचारलं तर घरी खोबरेल तेल कोमट करून घातलेलं असतं. ऑटोस्कोपमधून (कानात बघायच्या दिव्याच्या दुर्बिणीतून) भिजलेल्या कागदासारखा पांढुरका लगदा आणि त्यावर काळे ठिपके दिसले, तर ती बुरशी आहे, बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर. अशा वेळी सवयीने अँटिबायोटिकचे थेंब लिहिले जातात आणि बुरशी आणखी फोफावते. आधी कान नीट साफ करा, पडद्याला भोक आहे का ते बघा, मग क्लोट्रिमाझोल हे बुरशीनाशक. तेल बंद, पाणी बंद.

‘दडे बसलेत’ म्हणणारा प्रत्येक रुग्ण मात्र बुरशीचा किंवा मळाचा नसतो, आणि विद्यार्थ्यांची सगळ्यात महागडी चूक मला इथेच दिसते. काल सकाळी उठल्यापासून एका कानाला ऐकू येत नाही, पडदा स्वच्छ आहे, आणि केस पेपरवर ‘सर्दीमुळे दडे, नाकात थेंब’ असं लिहून रुग्णाला घरी पाठवलं जातं. हा अचानक आलेला नसेचा बहिरेपणा असू शकतो. व्याख्येप्रमाणे ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर किमान ३० डेसिबलची घट. स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर ते लवकर सुरू व्हायला हवं. पंधरा दिवसांनी ‘अजून बरं नाही’ म्हणत रुग्ण परत येतो तेव्हा बराच वेळ हातचा गेलेला असतो. हे ओळखायला पहिल्या भेटीत ऑडिओमेट्रीची (यंत्रावरच्या श्रवणचाचणीची) वाट बघावी लागत नाही. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (वाजवला की कंप पावणारा धातूचा दुपाखी काटा) पुरतो, नीट वापरला तर.

नीट म्हणजे कसा? टेबलाच्या कडेवर आपटू नका, नको ते स्वर उमटतात. स्वतःच्या कोपरावर किंवा तळहाताच्या टाचेवर हलकेच वाजवा. रिने चाचणीत कानासमोरचा आवाज आणि मागे मॅस्टॉइडवरचा (कानामागच्या हाडावरचा) आवाज ताडून बघायचा असतो. कानासमोर धरताना फोर्कचे दोन्ही दांडे कानाच्या नळीच्या रेषेत यायला हवेत. मॅस्टॉइडवर फोर्कची खालची दांडी टेकवताना मधले केस बाजूला करा आणि घट्ट टेकवा. वेबर चाचणी (फोर्क कपाळाच्या मधोमध टेकवून) करताना ‘ऐकू येतं का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’ येणारच. ‘आवाज डाव्या कानात, उजव्या कानात, की मधोमध?’ असं विचारा. बरेच रुग्ण बहिऱ्या कानात आवाज आला हे सांगायला कचरतात, आपलंच काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटतं. म्हणून आधीच सांगा, जिथे वाटेल ते उत्तर बरोबर.

पडद्याचा किंवा कानातल्या बारीक हाडांचा (कंडक्टिव्ह) दोष असेल तर वेबरचा आवाज खराब कानाकडे जातो, नसेचा असेल तर चांगल्या कानाकडे. आता उजवा कान पूर्ण बहिरा आहे असं समजा. त्या मॅस्टॉइडवर ठेवलेल्या फोर्कची कंपनं कवटीतून डाव्या कानाला ऐकू येतात, रुग्ण ‘मागे जास्त ऐकू येतं’ म्हणतो, आणि तुम्ही रिने निगेटिव्ह, कंडक्टिव्ह लॉस लिहून मोकळे होता. पण वेबर डावीकडे गेलेली असते. खरा कंडक्टिव्ह दोष असता तर ती उजवीकडे गेली असती. हा विरोध डोळ्यांत भरायला हवा. म्हणूनच रिने आणि वेबर कधीही एकेकटी वाचू नका.

कान दुखतो, पण कान चांगला आहे

पन्नाशीचा माणूस, महिनाभर एका कानात ठणका, पडदा अगदी निरोगी. अशा वेळी वेदनाशामक लिहून सोडणं मला अक्षम्य वाटतं. कानाला पाचव्या, नवव्या आणि दहाव्या क्रॅनियल नर्व्हच्या (मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या) शाखा येतात, त्यामुळे दाढ, टॉन्सिल, जिभेचा मागचा भाग, पायरिफॉर्म फॉसा (स्वरयंत्राशेजारचा खोलगट भाग) यांतलं दुखणं कानात उमटतं. तोंड उघडायला सांगा, तीन बोटं जातात का बघा, ग्लोव्ह घालून जिभेच्या मुळाशी बोट फिरवा, मानेच्या गाठी चाचपा, स्वरयंत्र बघितल्याशिवाय केस बंद करू नका. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण आपल्या ओपीडीतली तोंडं वेगळंच सांगतात. ‘तंबाखू खाता का?’ याला बाई सरळ ‘नाही’ म्हणतील. ‘मशेरी लावता का?’ विचारलंत की मान हलेल. प्रत्येक प्रकाराचं नाव घेऊन विचारा.

हाच नियम मोठ्या माणसाच्या एकाच कानात पडद्यामागे पाणी साचलं तर लागू होतो: नेझोफॅरिंक्स (नाकामागची घशाची पोकळी) बघा, तिथे गाठ असू शकते.

वाहत्या कानात पार्स टेन्सातलं (पडद्याच्या खालच्या, ताणलेल्या भागातलं) भोक दिसलं की पोरं थांबतात. वर अ‍ॅटिक (पडद्याचा वरचा कोपरा) बघायची राहते. तिथे खपली असेल तर ती काढल्याशिवाय ‘सेफ’ (धोका नसलेला आजार) लिहू नका, खाली कोलेस्टिॲटोमा (हाड कुरतडत वाढणारा त्वचेचा साठा) दडलेला असू शकतो. स्राव थोडाच पण घाण वासाचा, ही त्याची खूण.

नाक आणि घसा

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत आत काहीतरी अडकलंय असंच समजा. वाटाणा असेल तर पाण्याने धुऊ नका, तो फुगतो. बटण बॅटरी असेल तर काही तासांत आतली त्वचा जळते. ते काम उद्यावर ढकलायचं नाही.

घोळणा फुटला की घरचे डोकं मागे करतात आणि कांदा हुंगवतात. वॉर्डात मात्र रुग्णाला पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये सोडून बघू नका. हाड दाबून काही होत नाही, रक्त बहुतेकदा लिटल्स एरियातून (नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून) येतं. वयात येणाऱ्या मुलाला वारंवार भरपूर रक्तस्राव आणि एका बाजूचं नाक बंद असेल, तर आत दिसणाऱ्या गाठीची ओपीडीत बायॉप्सी घेऊ नका. ती अँजिओफायब्रोमा (रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ) असली तर रक्त आवरणार नाही.

तीन आठवड्यांहून जास्त बसलेल्या आवाजाला गरम पाण्याच्या गुळण्या हे उत्तर नाही, स्वरयंत्र बघा. आणि तापलेलं, लाळ गाळणारं, पुढे झुकून बसलेलं मूल श्वास घेताना आवाज करत असेल, तर घसा बघायला टंग डिप्रेसर (जीभ दाबायची पट्टी) हातात घेऊ नका. एपिग्लॉटायटिसमध्ये (स्वरयंत्रावरच्या झाकणाला सूज आली असताना) एवढ्यानेही श्वासमार्ग बंद पडू शकतो. मुलाला आईच्या मांडीवरच राहू द्या, रडवू नका, भूलतज्ज्ञ आणि सीनियर यांना लगेच बोलवा.