जुन्या रॉकसाठी पिकअप बदलताय? आधी तो किलोओहमचा आकडा विसरा

पैसे खर्च करायच्या आधी एक फुकटचा उपाय करून बघा. गिटारवर आत्ता आहेत तेच पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे तारांखालचे चुंबक-कॉइल, तारांपासून थोडे खाली घ्या. दुकानातून येणाऱ्या बऱ्याच गिटारींचे पिकअप तारांना जवळजवळ टेकलेले असतात, म्हणजे दुकानात वाजवताना दणदणीत वाटावेत. दोन्ही बाजूंचे स्क्रू दोन-दोन आटे सैल करा, तेवढाच अ‍ॅम्प वाढवा आणि आठवडाभर वाजवा. ‘पिकअप बदलून दे’ म्हणत माझ्याकडे आलेले कित्येक जण इथूनच परत गेलेत.

तरीही मन भरत नसेल तर पुढे वाचा.

गिटारला जो साचा आहे, त्यातच बसणारा पिकअप घ्या. सिंगल कॉइलच्या जागी हंबकर (दोन कॉइलचा रुंद पिकअप) बसवायला लाकूड कोरू नका, नंतर पस्तावाल. हंबकर असेल तर ब्रिजपाशी जाड ई ते बारीक ई हे अंतर मोजा. ५० मिलिमीटरच्या आसपास भरलं तर साधा, ५२-५३ भरलं तर एफ-स्पेसचा, म्हणजे तारांखालचे पोल जरा लांब-लांब असलेला.

आता मी जिथे तोंडावर आपटलो ती जागा.

माझा पहिला बदललेला पिकअप १६ किलोओहमचा होता, सिरॅमिक मॅग्नेटचा. जितके किलोओहम जास्त तितका रॉक, हे कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं आणि मी मान डोलावली. घरी छोट्या अ‍ॅम्पवर तो भारी वाटला. कोथरूडच्या जॅमरूममध्ये ड्रम आणि बेस सुरू झाले आणि माझी गिटार गायब. आवाज होता, पण नुसता चिखल! कॉर्डमधला एक सूर वेगळा ऐकू येईना. गिटारचा व्हॉल्यूम पाचावर आणला तर अ‍ॅम्पवर कुणी गोधडी टाकल्यासारखं वाटायला लागलं. डब्यावर मात्र ‘व्हिंटेज’ असं ठसठशीत छापलेलं होतं. तो शब्द छापायला शाईपलीकडे काही लागत नाही.

किलोओहमचा आकडा म्हणजे पिकअपच्या कॉइलमधल्या तांब्याच्या तारेचा रोध. पिकअप किती जोरात वाजेल, हे तो सांगत नाही. ४२ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) तारेने ८ किलोओहम भरणारी कॉइल तेवढ्याच फेऱ्यांत ४३ गेजने गुंडाळली, तर आकडा सव्वापट होतो, कारण तार बारीक आहे. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत ७.६ दाखवणारा पिकअप मे महिन्यातल्या दुपारी ४० अंशांत ८.४ दाखवेल. फेरा एकही वाढलेला नसतो. आणि त्या ०.८ वर लोक रात्र-रात्र वाद घालतात.

फेरे खरोखर वाढवले तर काय होतं? जोर वाढतो, पण कॉइलचा इंडक्टन्सही वाढतो आणि वरचे सूर कापले जातात. जुन्या रॉकचा जीव नेमका त्या वरच्या सुरांत आहे. त्या गाण्यांतली खरखर अ‍ॅम्पची असते, अ‍ॅम्प फुल्ल वाजवून काढलेली. पिकअप बिचारा अशक्तच होता. सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये हंबकर बनवला तो हम घालवण्यासाठी. १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला, १९५७ पासून तो गिटारींवर आला आणि पाठीवरच्या ‘पेटंट अ‍ॅप्लाइड फॉर’ या चिठ्ठीवरून त्याचं नाव पॅफ पडलं. ४२ गेजची तार, रोध साधारण ७ ते ९ किलोओहम, मेणात बुडवलेला नाही, आणि मॅग्नेट हाताला लागेल तो अल्निको (अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचा). दोन कॉइलचे फेरेही नेमके सारखे नसायचे. त्या ढिसाळपणामुळेच आवाजात थोडी धार राहते.

म्हणून माहितीपत्रकात मी आधी मॅग्नेट बघतो, मग तारेचं गेज, आणि किलोओहम सगळ्यात शेवटी. मॅग्नेट किंवा गेज लिहिलंच नसेल तर पान बंद करतो. माझं ठरलेलं उत्तर असं: ब्रिजला अल्निको ५, आठ-साडेआठ किलोओहमच्या आत. नेकला अल्निको २, साडेसातच्या आसपास. नेकपाशी तार जास्त हलते, त्यामुळे तिथला पिकअप कमकुवतच हवा. दोन्हीकडे एकसारखा घातलात तर नेकवर नुसती घुमघुम ऐकाल. सिंगल कॉइल असतील तर अल्निको ५, सहा किलोओहमच्या आसपास. त्यात पंख्याच्या रेग्युलेटरची घरघर येणारच, ती पिकअपच्या माथी मारू नका.

मेणाबद्दल एक इशारा. न बुडवलेला पिकअप मोकळा वाजतो, पण छोट्या खोलीत गेन चढवला की शिट्टी मारतो. गेन चढवूनच वाजवणार असाल तर हलकं मेण दिलेला घ्या. त्याने टोन मरतो वगैरे काही नाही.

दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र घेताना फेज तपासा, म्हणजे दोघांचे सिग्नल एकाच दिशेने आहेत का ते. उलट निघाले तर मधल्या पोझिशनवर आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा येतो. पीटर ग्रीनच्या लेस पॉलचा तसा आवाज प्रसिद्ध झाला, तो नेक पिकअपच्या उलट्या मॅग्नेटमुळे. तुम्हाला तो नको असेल तर बसवण्याआधी पिकअपच्या टोकांना काट्याचा मीटर लावा, स्क्रूड्रायव्हर पोलवर टेकवा आणि झटकन उचला. काटा क्षणभर कुठल्या बाजूला उडतो ते बघा. मीटरची लाल वायर दोन्ही वेळा हॉटलाच, म्हणजे सिग्नलच्या वायरलाच लावायची. दोन्ही पिकअपना काटा एकाच बाजूला उडायला हवा. चार वायरचा पिकअप असेल तर हॉट आणि अर्थची अदलाबदल करून भागतं. जुन्या पद्धतीची जाळीची वायर असेल तर मॅग्नेट उलटा करावा लागतो, म्हणून मी निदान एक तरी चार वायरचा घेतो.

पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे भाग) आणि कपॅसिटर पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात. हंबकरला ५०० के, सिंगल कॉइलला २५० के. काउंटरवर ‘लॉग’ असं स्पष्ट म्हणा, नाहीतर लिनिअर हातात पडतो आणि व्हॉल्यूम एका टोकालाच सगळं काम करतो. मोठा पॉट स्वस्त गिटारीच्या भोकात जात नाही, भोक मोजून जा. कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा, अंगावर २२३ छापलेला, चार-पाच रुपयांचा पुरतो. तेलात बुडवलेल्या कागदी कपॅसिटरवर हजारो घालवणाऱ्यांशी मी बोलत नाही. टोनची वायर व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला जोडा. पन्नाशीच्या दशकातली ही जोडणी आहे, व्हॉल्यूम उतरवला तरी धार टिकते.

सोल्डरिंग येत असेल तर अर्ध्या तासाचं काम. येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडे द्या.

शेवटी उंची. शेवटचा फ्रेट दाबून बारीक ई तारेखाली ब्रिजला दीड मिलिमीटर, नेकला अडीच इथून सुरुवात करा, जाड तारांकडे थोडं आणखी खाली. हे घरी रात्री हळू आवाजात ठरवायचं नाही. खिशात स्क्रूड्रायव्हर टाकून जॅमरूमला जा, ड्रमवाल्याला वाजवायला सांगा, आणि चौथ्या तारेचा सूर कॉर्डमध्ये वेगळा ऐकू येईपर्यंत अर्धा-अर्धा आटा फिरवत राहा.