कॅरिबियनमध्ये समुद्रकाठची गोल्फ सहल: कोर्स नंतर, आधी चौकड्या

कॅरिबियन म्हटलं की लोक नकाशा उघडून बसतात. दोन दिवस जमैका, दोन दिवस बार्बाडोस, मग जमलं तर सेंट लुशिया. कागदावर झकास दिसतं. प्रत्यक्षात बेटांमधली विमानं छोटी असतात, सोळा जणांच्या गोल्फच्या बॅगा एका फेरीत जातीलच याची खात्री नसते आणि निम्मा वेळ विमानतळावरच्या खुर्च्यांवर जातो. हा सल्ला देणाऱ्याने सोळा माणसं कधी नेलेली नसतात. मी न्यू जर्सीहून आमचा मराठी ग्रुप सात वेळा नेला, आणि सातही वेळा एकाच देशात: डॉमिनिकन रिपब्लिक.

कारण सरळ आहे. समुद्राला चिकटलेले इतके होल (कोर्सचे टप्पे, पूर्ण कोर्सवर अठरा) गाडीने तासाभराच्या टप्प्यात कॅरिबियनमध्ये मला दुसरीकडे एकत्र सापडले नाहीत. पुंता कानाला उतरलात की जवळच टॉम फाझिओंनी आखलेलं कोरालेस आहे. 2010 साली उघडलेल्या या कोर्सवर 2018 पासून पीजीए टूरची, म्हणजे व्यावसायिक गोल्फपटूंची, स्पर्धा होते. कॅप कानामध्ये जॅक निकलॉसांनी आखलेलं पुंता एस्पादा आहे, तिथले आठ होल पाण्याच्या कडेने जातात. आणि कोरल हायवेने तासाभरात ला रोमाना. तिथल्या कासा दे कांपो रिसॉर्टमध्ये पीट डाय यांनी बांधलेला, 1971 सालचा 'टीथ ऑफ द डॉग'. किनाऱ्यावरचा करवती प्रवाळखडक फोडणाऱ्या स्थानिक मजुरांनी त्या खडकाला कुत्र्याचे दात म्हटलं, तेच नाव कोर्सला चिकटलं. सात होल समुद्रावर: पाच ते आठ, आणि पंधरा ते सतरा. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

तारखा. डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी, दर चढे. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम. स्वस्तात होतं म्हणून सप्टेंबरात सोळा जणांचे पैसे अडकवू नका. कुठला कोर्स डागडुजीसाठी बंद आहे का, हे तिकिटं काढायच्या आधी विचारा, नंतर नाही.

व्हिसा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की डॉमिनिकन रिपब्लिकचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. कॅनडा, ब्रिटन आणि शेंगेनचाही चालतो. जाताना कोणी अडत नाही, अडतात ते परतताना. एच-वन-बीवाल्यांनी (अमेरिकेत कामाच्या व्हिसावर असलेल्यांनी) पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची तारीख बघा. शिक्का संपलेला असताना कॅनडा-मेक्सिकोला थोडे दिवस जाऊन परत येता येतं, म्हणून इथेही चालेल असं आमच्यातल्या एकाने धरून ठेवलं होतं. या वर्गाला ती सवलत या बेटांसाठी नाही. नशिबाने तिकीट काढण्याआधी कळलं. ई-तिकेट नावाचा ऑनलाइन फॉर्म येताना आणि जाताना भरायचा असतो. तो फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा.

पैसे. परत न मिळणारी आगाऊ रक्कम आली की नाव यादीत. 'मी नक्की आहे गं' याला रक्कम म्हणत नाहीत.

क्रम. सोपा कोर्स पहिल्या दिवशी, टीथ ऑफ द डॉग मधल्या दिवशी, कोरालेस शेवटी. मुक्काम फार तर एकदा हलवा.

आता खरं काम.

पहिल्या वर्षी मी कोर्स निवडण्यात तीन महिने घालवले आणि चौकड्या, म्हणजे एकत्र खेळणारे चौघे, लावण्यात दहा मिनिटं. कोणी कोणाबरोबर खेळायचं ते मी लोकांवरच सोडलं. झालं काय, तर कॉलेजचे मित्र एका चौकडीत, दोन जोडपी दुसऱ्या चौकडीत, मुरलेले चौघे तिसऱ्यात आणि गेल्या उन्हाळ्यात गोल्फ शिकायला लागलेले चौघे शेवटच्या. 'आपण नवशिके, आपण मागे राहू' असं त्यांचं म्हणणं. मला ते समजूतदारपणाचं वाटलं. टीथ ऑफ द डॉगवर आम्हाला दुपारच्या वेळा मिळाल्या होत्या, शेवटची एक वाजून दहा मिनिटांची. महिना डिसेंबर. तिथे त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, आणि विषुववृत्ताच्या जवळ संधिप्रकाश फार रेंगाळत नाही.

मी त्या शेवटच्या चौकडीच्या मदतीला गेले होते. एका होलला वीस मिनिटं. चौघांचे चार चेंडू चार दिशांना, प्रत्येक चेंडू शोधायला सगळे, मग सगळ्यांचं मिळून पुढे जाणं. पंधराव्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, पोचलो तेव्हा सहाला दहा कमी होती. म्हणजे ज्या तीन होलसाठी माणसं अडीच हजार किलोमीटर उडून आली, ते सुरू व्हायला आणि दिवस संपायला एकच गाठ. सोळावा पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा होल, आम्ही मोबाइलच्या टॉर्चवर खेळलो. समुद्राचा आवाज येत होता, समुद्र दिसत नव्हता. एक काका म्हणाले, "जुहूला येऊन आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखं झालं." सतरावा कोणीच खेळलं नाही.

तेव्हापासून यादी माझ्या हातात असते आणि त्यावर चर्चा होत नाही. पद्धत अशी.

सगळ्यांचा अधिकृत हँडिकॅप इंडेक्स (खेळाच्या पातळीचा आकडा, कमी तितका चांगला) मागा, तोंडी आकडा नाही. तोंडी अठरा सांगणारे काका एकशे पंधरा फटके मारून येतात. ज्याच्याकडे इंडेक्स नाही त्याच्या शेवटच्या पाच फेऱ्यांची स्कोअरकार्डं मागा. मग सोळा नावं चांगल्यापासून कच्च्यापर्यंत लावा आणि चार-चारांचे चार थर करा. प्रत्येक चौकडीत प्रत्येक थरातला एक. झालं, नवशिके चौघे एकत्र येणं संपलं. पहिल्या थरातल्या माणसाला चौथ्या थरातल्याबरोबर एका कार्टमध्ये बसवा. तो स्वतःचा फटका मारून दुसऱ्याचा चेंडू कुठे पडला ते बघून ठेवतो. नुसत्या एवढ्याने माझ्या अनुभवात फेरीचा अर्धा तास वाचतो.

दुसऱ्या दिवशी पहिला थर जागेवर ठेवा, दुसरा एक घर सरकवा, तिसरा दोन, चौथा तीन. सगळ्या चौकड्या कोऱ्या करकरीत होतात, आदल्या दिवशीचं कोणीच कोणाबरोबर येत नाही. तिसऱ्या दिवशी तसंच पुन्हा सरकवलं की प्रत्येक चौकडीत पहिल्या दिवशीच्या दोन जोड्या परत भेटतात. भेटू द्या.

नवरा-बायको एका चौकडीत नकोत. एका कार्टमध्ये तर मुळीच नकोत. यावर मला दर वर्षी कोणी तरी समजवायला येतं आणि दर वर्षी मी ऐकत नाही. जो फटका परक्या माणसाने मारला असता तर 'बॅड लक' म्हणून सोडून दिला असता, तो नवऱ्याने मारला की डोकं खाली ठेव, खांदा वळव, काल सांगितलं होतं ना. चार होलमध्ये चौकडीची चांडाळचौकडी होते.

पुढचं: स्ट्रोक मोजणं बंद. स्टेबलफर्ड, म्हणजे प्रत्येक होलला गुण देणारा प्रकार, खेळा आणि प्रत्येक होलवर चौघांपैकी सर्वांत चांगल्या दोघांचे गुण चौकडीच्या नावावर धरा. फायदा गुणांचा नाही, चेंडू उचलण्याचा आहे. हँडिकॅप धरून डबल बोगी, म्हणजे होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा दोन जास्त, झाली की गुण शून्य, मग खिशात घालून पुढे चला. नवशिक्याला अकरावा, बारावा, तेरावा फटका मारत बसायची लाज वाटत नाही, आणि एखाद्या होलवर त्याचा एक गुण कामी आला तर संध्याकाळी तोच बढाई मारतो. मारू द्या.

चेंडू शोधायला 2019 पासून नियमाने तीनच मिनिटं आहेत. आम्ही त्याच वर्षी आलेला पर्यायी स्थानिक नियमही घेतो: चेंडू हरवला किंवा हद्दीबाहेर गेला तर परत टीवर जायचं नाही, दोन फटक्यांचा दंड घेऊन पुढे फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) टाकायचा. समुद्रात किंवा प्रवाळावर गेला तर तिथे बहुधा लाल खुणा असतात, एका फटक्याचा दंड आणि पुढे. प्रवाळात चेंडूमागे उतरू नका. बुटाचा तळवा आणि गुडघा दोन्ही फाटतात, चेंडू चार डॉलरचा असतो.

टीचं पण (पुढच्या की मागच्या) ठरवून टाका, लोकांवर सोडू नका. पाच नंबरच्या आयर्नने (लोखंडी काठीने) जेवढं अंतर मारता त्याला छत्तीसने गुणा, तेवढ्या यार्डांचा कोर्स तुमचा. 140 यार्ड मारणाऱ्याने साधारण 5,000 यार्डांच्या टीवरून खेळावं. मागच्या टीवरून टीथ ऑफ द डॉग 7,400 यार्डांच्या वर जातो. तिथून खेळायची हौस असणारे पुरुष मला प्रत्येक ग्रुपमध्ये दोन तरी भेटतात. त्यांचा इंडेक्स पुढे सरकवून मी गप्प बसते.

आणि वेळा. सकाळी नऊच्या आत शेवटची चौकडी निघाली पाहिजे. वारा पूर्वेकडून येतो, दहा-अकरानंतर अंगात येतो. सगळ्यांत वेगवान चौकडी आधी सोडा. हिवाळ्यात तिथलं घड्याळ न्यू जर्सीच्या एक तास पुढे असतं. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं जुनं घड्याळ बदलत नाही. आमची एक चौकडी त्यापायी एकदा तासभर उशिरा उगवली होती. आता यादी आदल्या रात्री नऊला व्हॉट्सअपवर पडते, 'स्थानिक वेळ' हे दोन शब्द ठळक करून, आणि त्यानंतर बदल नाही.

हे जमलं की बाकी सोपं आहे.

टीथ ऑफ द डॉगवर पाच ते आठ खेळताना समुद्र डावीकडे असतो, पंधरा ते सतरा खेळताना उजवीकडे. उजव्या हाताने खेळणाऱ्या, चेंडू उजवीकडे वळणाऱ्या माणसाने पाचव्याला छाती फुगवावी, पंधराव्याला जुना चेंडू काढावा. कोरालेसच्या शेवटच्या तीन होलना सैतानाचं कोपर म्हणतात. अठराव्याला फेअरवे गाठायलाच खाडी ओलांडावी लागते, आणि किती ओलांडायची ते तुमच्या हिमतीवर. कॅडी (बॅग सांभाळणारा, वाट सांगणारा) सांगेल तिथे मारा.

गवत पास्पालम, खारं पाणी सोसणारं. फेअरवेवर चेंडू सुरेख उभा राहतो, ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) मात्र घरच्यापेक्षा हळू पळतो. पहिल्या दिवशी सगळ्यांचे लांब पट, म्हणजे ग्रीनवरचे हलके फटके, अर्ध्यात थांबतात.

कॅडी बऱ्याच ठिकाणी सक्तीचा असतो. त्याची फी आणि बक्षिसी वेगळी, डॉलरच्या सुट्ट्या नोटा घरूनच न्या. प्रत्येक चौकडीचे पैसे मी पाकिटात घालून आदल्या रात्री देते, नाही तर अठराव्यानंतर खिसे चाचपडणाऱ्या चौघांसमोर कॅडी बिचारा टोपी काढून उभा.

न खेळणाऱ्यांना एक दिवस आल्तोस दे चाव्होनला पाठवा, नदीच्या वर बांधलेलं दगडी गाव आहे. शाकाहाऱ्यांनी बीन्स मागवताना त्यात मांसाचा रस्सा आहे का ते विचारावं. तोस्तोनेस म्हणजे हिरव्या केळ्याचे चेपून दोनदा तळलेले काप. मेतकूट घेऊन जा, त्यावर भुरभुरा. आमचा कॅडी आता ते मागून घेतो.

परतीच्या सकाळी 'पटकन नऊ होल' कोणी सुचवलं तर हो म्हणू नका. त्या सकाळी बूट वाळवायचे असतात, ड्रायव्हर नावाच्या काठीचं डोकं काढून मोज्यात गुंडाळायचं असतं, आणि बॅगेचं वजन तेवीस किलोच्या आत आणायचं असतं. दर वर्षी कोणाच्या तरी बॅगेत रमच्या तीन बाटल्या निघतात.